बेंजोला मुख्य मंचावर जागा द्या : नागपुरातील महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील सांस्कृतिक महोत्सवांचे आयोजक, कलासंस्थांचे पदाधिकारी आणि वस्त्यावस्त्यांतील उत्सव मंडळे यांस

विषय : आशियाई वारशाच्या उत्सवात स्थानिक कलावंतांना मिळणाऱ्या स्थानाबाबत

सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी उत्तर नागपुरात राहते. एकतीस वर्षे शाळांमधून चित्रकला शिकवली आणि आता निवृत्त आहे. शहरातील बहुतेक महोत्सवांना मी प्रेक्षक म्हणून येते, काहींमध्ये स्वयंसेवक म्हणूनही राबले आहे, आणि मंडपाच्या परवानगीपासून कलावंतांच्या रेल्वे तिकिटांपर्यंत आपण किती गोष्टींची जुळवाजुळव करता हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे हे पत्र आपल्या कष्टांची जाण ठेवूनच लिहीत आहे. आशियाई देशांच्या कला आणि संस्कृतीचा उत्सव आपल्या शहरात व्हावा, ही कल्पना मला मनापासून पटते. नागपूरइतका त्या उत्सवावर हक्क सांगू शकणारी शहरे आपल्या देशात फार नसतील, असेही मला वाटते. माझा प्रश्न एवढाच आहे की हा उत्सव आपण कोणाला मंचावर बसवून साजरा करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात मी मंचसजावटीच्या कामाला होते. सायंकाळी साडेपाच वाजता, खुर्च्या रिकाम्या असताना, आमच्या भागातील एका कव्वाली पार्टीला पंधरा मिनिटे दिली होती. दुसरे गीत रंगात आले तोच पाहुणे फाटकाशी पोहोचल्याची वर्दी आली, माइक बंद झाला आणि पार्टीला मंच रिकामा करण्याची खूण झाली. साठी ओलांडलेल्या बेंजोवादकाने आपले वाद्य जुन्या चादरीत बांधले, वायर कोपरापासून पंजापर्यंत नीट गुंडाळून घेतली आणि कोणालाही काही न बोलता ते मागच्या पायऱ्यांनी उतरले. त्यानंतर थोड्याच वेळात निवेदकांनी जपानच्या कलापरंपरेविषयी फार सुंदर शब्दांत माहिती दिली आणि पडद्यावर फुजी पर्वत व चेरीचा बहर दिसू लागला. ज्या वाद्याचे मूळ जपानमध्ये आहे ते वाद्य नुकतेच चादरीत बांधून बाहेर गेले आहे, हे त्या सभागृहात कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हते, आणि ते पुढे वाचनात आले तेव्हापासून तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

आपण ज्याला बेंजो म्हणतो आणि पुस्तकांतून ज्याचा उल्लेख बुलबुलतरंग असा येतो, त्याचा पूर्वज जपानचा ‘ताइशोगोतो’ होय. १९१२ साली, ताइशो राजवटीच्या पहिल्याच वर्षी, नागोया शहरातील गोरो मोरिता यांनी तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवून ते घडवले. सुटसुटीत आणि स्वस्त असल्यामुळे ते समुद्रमार्गे भारतात आले, येथील कारागिरांनी ते आपल्या गाण्याच्या गरजेप्रमाणे बदलून घेतले, पुढे ते विजेला जोडले गेले आणि कव्वालीच्या बैठकीत हार्मोनियमच्या शेजारी त्याची जागा कायमची ठरली. कव्वालीचा प्रवास तर त्याहून लांबचा आहे. ‘कौल’ म्हणजे वचन, या अरबी शब्दावरून तिचे नाव आले. इराण आणि मध्य आशियातील सूफींच्या ‘समा’च्या मैफलींमधून ती दिल्लीला पोहोचली, तेराव्या-चौदाव्या शतकात अमीर खुसरोंच्या नावाशी कायमची जोडली गेली, आणि विसाव्या शतकात विदर्भातील आंबेडकरी गायकांनी तोच ठेका व तीच टाळी घेऊन तिच्यात बुद्ध आणि बाबासाहेब गायला सुरुवात केली.

भीमजयंतीच्या दिवसांत आमच्या चौकात कव्वालीचा दुय्यम मुकाबला, म्हणजे दोन पार्ट्यांमधला सवाल-जवाबाचा सामना, रंगतो, तेव्हा बायका स्वयंपाक आटोपून, लहान मुले मांडीवर घेऊन, मध्यरात्र उलटेपर्यंत सतरंजीवर बसलेल्या असतात. समोरच्या पार्टीने टाकलेल्या सवालाला जागच्या जागी बांधून दिलेला जवाब ऐकताना एखादे आजोबा उठतात आणि गायकाच्या हातात दहाची नोट ठेवतात. त्या सतरंजीवर इराणातून आलेली बैठक असते, नागोयाहून आलेले वाद्य असते, कपिलवस्तूच्या राजपुत्राची कथा असते आणि शब्द नागपुरी वळणाचे असतात. आशियाई वारशाचे याहून जिवंत उदाहरण मंचावर आणायचे असेल, तर ते आपण कोठून आणणार?

या शहरात आशिया पाहुणा म्हणून आलेला नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशातील होते. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतील अनुराधपूरच्या वृक्षाचा वंशज असून तो भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणला. मूळचे जपानचे आणि पुढे भारतीय नागरिक झालेले भदन्त सुरेई ससाई यांची अनेक दशके इंदोऱ्याच्या विहारात गेली. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये जपानी उपासिका नोरिको ओगावा यांच्या दानातून उभे राहिले. त्या नावावरून मला शाळेतील मुले नेहमी विचारत, “मॅडम, बुद्धाच्या मंदिराला ड्रॅगनचं नाव कसं?” तेव्हा मी त्यांना फळ्यावर दोन आकृत्या काढून दाखवी : एक आपला फणा काढलेला नाग आणि एक चिनी ड्रॅगन. संस्कृत बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले, तेव्हा भाषांतरकारांनी ‘नाग’ या शब्दासाठी ड्रॅगनचेच चित्राक्षर वापरले. रामटेकच्या परिसराशी परंपरेने ज्यांचे नाव जोडले आहे त्या आचार्य नागार्जुनांना जपानमध्ये ‘र्‍युजू’ म्हणतात आणि त्यातील पहिले अक्षर ड्रॅगनचे आहे. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हे सांगताना बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला होता. ज्या नदीवरून आपल्या गावाला नाव मिळाले, त्या नदीचे नाव चिनी-जपानी अक्षरांत लिहायचे तर ड्रॅगनचे अक्षर गिरवावे लागेल, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो कोणत्याही पडद्यावरच्या चित्रफितीने आणता येईल असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण मारबतीचे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-बुधवारीच्या भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे अमंगल घेऊन जाणाऱ्या मोठ्या मूर्ती, निघतात, मागोमाग बडगे, म्हणजे टवाळीचे पुतळे, निघतात, “इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत” या घोषाने गल्ल्या भरून जातात आणि शेवटी त्या मूर्तींचे दहन होते. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक जगात फक्त नागपुरातच निघते, असे आपण अभिमानाने सांगतो. मात्र तिची एक सख्खी वाटावी अशी बहीण इंडोनेशियातील बाली बेटावर आहे. तेथे ‘न्येपी’ या नववर्षदिनाच्या आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ नावाच्या राक्षसी आकृत्या बांबूच्या चौकटीवर खांद्यावरून गावभर मिरवतात आणि त्यांतल्या अनेकांचे पुढे दहन करतात, म्हणजे गावातील अमंगल त्यांच्याबरोबर निघून जावे. आजच्या रूपातील ओगोह-ओगोहची मिरवणूक १९८० च्या दशकात रुळली, म्हणजे आपली मारबत तिच्याहून सुमारे शंभर वर्षांनी थोरली आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की बालीचे ते नववर्ष शक कालगणनेचे असते. आपल्या भिंतीवरच्या पंचांगात जो शालिवाहन शक छापलेला असतो, तोच आकडा बालीतही मोजला जातो आणि न्येपी व गुढीपाडवा एकमेकांच्या अगदी जवळ, कधी कधी एकाच दिवशी येतात.

मारबत घडवणारे कारागीर आणि बालीचे ओगोह-ओगोह घडवणारे कारागीर एका मांडवाखाली बसून बांबूच्या कामट्या बांधत आहेत, असे दृश्य मी अनेकदा मनाशी रंगवले आहे. त्यासाठी दुभाष्याची गरज फारशी लागणार नाही. कामटी कोठे सोलायची, कोठे भिजवून वाकवायची, सुतळीचा वेढा कसा घट्ट घ्यायचा, हे हातांना कळते. असे काही घडवून आणण्यासाठी ज्ञान, जागा आणि माणसे आपल्याकडे आहेत. परदेशी पथके बोलावण्याचे व्यवहार ज्यांना जमतात, असे अनुभवी लोकही आपल्यात आहेत. आजवर उणीव राहिली ती या दोन टोकांना एकत्र बसवण्याची.

बाकीची उदाहरणे मी थोडक्यात नोंदवते, कारण ती आपणास माझ्याइतकीच ठाऊक असतील. हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारी तिबेटी कुटुंबे आपल्याला दिसतात, परंतु गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ १९७२ पासून वसलेल्या त्यांच्या नोर्ग्येलिंग वसाहतीत हातात हात घालून गोल फेर धरून केले जाणारे ‘गोरशे’ नृत्य आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? पूर्व विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाने जपलेला कोसा (टसर रेशीम), आणि त्यापासून भंडारा, मोहाडी, आंधळगावच्या कोष्टी विणकरांनी विणलेली करवतकाठी साडी, यांचे नाते जपानच्या ‘यामामायू’ आणि आसामच्या मुगा रेशमाशी आहे. हे सारे किडे एकाच कुळातील आहेत. जरीपटक्यातील सिंधी आजींच्या गळ्यात लग्नातले ‘लाडा’ अजून आहेत. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलबरोबर या शहराच्या जडणघडणीत शिरलेल्या पारशी समाजाचा नवरोज हा इराणपासून मध्य आशियापर्यंतच्या लोकांचा सण आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना माहीत आहेत. त्याच पथकातील डॉ. चोळकर नागपूरचे होते, आणि त्यांच्यावर एखादा पोवाडा आपल्याच एखाद्या शाहिराने रचून आपल्याच मंचावर म्हणावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

कॅनडात २००२ पासून मे महिना आशियाई वारशाचा महिना म्हणून अधिकृतपणे पाळला जातो, आणि अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने मे महिन्यालाच तसे स्थान मिळाले. स्थलांतर करून गेलेल्या आशियाई कुटुंबांची त्या समाजात दखल घेतली जावी, ही त्यामागची गरज आहे, आणि आपली परिस्थिती वेगळी असल्यामुळे त्यांची नक्कल करण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र तेथील एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या महिन्यातले कितीतरी कार्यक्रम मोहल्ल्यातील वाचनालयात, शाळेच्या खोलीत आणि बागेत होतात, आणि ज्यांची ती कला आहे तीच माणसे ते मांडतात. आपल्याकडे मात्र ‘आशियाई’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर भाड्याने आणलेले लाल कंदील, नूडल्सचे स्टॉल आणि दुसऱ्या शहरातून बोलावलेला नृत्यसमूह येतो. खाद्यपदार्थांना किंवा पाहुण्या नर्तकांना माझा विरोध नाही. परंतु त्यांनीच सारा मंच व्यापला की कलावंत शेजारी राहत असूनही आपल्या मुलांना तो कधी दिसत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती वेळेची आणि मानधनाची आहे. स्थानिक पार्टीला प्रेक्षक बसल्यानंतरची वेळ द्यावी, निदान पाऊण तास द्यावा, कारण कव्वाली, दंडार किंवा जलसा यांना रंग चढायलाच वीस मिनिटे लागतात. मानधनाची रक्कम आधी लेखी ठरावी आणि कार्यक्रमाच्याच दिवशी हातात पडावी. बाहेरगावच्या कलावंताशी करार करणारी आणि वस्तीतील कलावंताला “बघू, नंतर या” असे सांगणारी पद्धत बंद झाली पाहिजे. हे मी कठोरपणे लिहीत आहे याची मला जाणीव आहे, पण ज्या वादकाला तीन वेळा हेलपाटे घालावे लागतात तो चौथ्या वर्षी वाद्य विकून टाकतो. मी तसे होताना पाहिले आहे.

दुसरी विनंती निवेदनाविषयी आहे, आणि ती लहान वाटली तरी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी निवेदकांनी कलावंताच्या घरी जाऊन तासभर बसावे. वाद्य कोणाकडून आले, चाल कोणी शिकवली, गुरू कोण, ही माहिती त्यांच्याकडून घ्यावी, आणि मंचावर तीच सांगावी. बेंजो वाजण्यापूर्वी नागोयाचे आणि १९१२ चे दोन वाक्यांत नाव घेतले, तर समोरच्या प्रेक्षकाचे ऐकणे बदलेल. वादकालाही आपल्या हातात काय आहे हे नव्याने कळेल. हे संभाषण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले तर दहा वर्षांत शहराकडे एक मोठा ठेवा जमा होईल, कारण भीमगीतांच्या जुन्या गायकांपैकी कितीतरी जण आपल्या वह्यांसह निघून गेले आणि त्या वह्या रद्दीत गेल्या.

तिसरी गोष्ट जागेची. कविवर्य सुरेश भट सभागृह किंवा वसंतराव देशपांडे सभागृह ही आपल्या शहराची भूषणे आहेत, आणि समारोपाचा कार्यक्रम तेथे व्हायलाच हवा. मात्र त्याआधीचे दिवस इंदोरा, जरीपटका, मोमिनपुरा, महाल, ताजबाग आणि कामठी येथे वाटून द्यावेत. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात दरवर्षी भरणाऱ्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात कारागीर लोकांसमोर बसून वस्तू घडवतात. तसे बसणे वस्त्यांमध्येही होऊ शकते, आणि तेथे प्रवेशासाठी रिक्षाचे भाडे लागत नाही. परदेशी पथक येणार असेल, तर त्याचा एक संपूर्ण दिवस सभागृहाबाहेर, एखाद्या वस्तीतील कलावंतांच्या सहवासात जावा, असे पत्रव्यवहार करतानाच ठरवून घ्यावे.

या सगळ्याची सुरुवात मोठ्या खर्चाशिवाय होऊ शकते, असे मला वाटते, आणि त्यासाठी बुद्ध पौर्णिमेचा दिवस सर्वांत योग्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९९ मध्ये वेसाक दिनाला, म्हणजेच वैशाख पौर्णिमेला, मान्यता दिली आहे. श्रीलंकेत त्या दिवशी बांबू आणि पातळ रंगीत कागदाचे ‘वेसाक कुडू’ नावाचे कंदील घरोघरी लागतात, आणि दक्षिण कोरियातील कंदिलांचा उत्सव २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. आपल्याकडे पंचशील ध्वज, पांढरे कपडे आणि चौकाचौकांत खिरीचे वाटप असते, कंदील मात्र नसतात. पण कंदिलाला लागणाऱ्या कामट्या सोलणारे बुरड कारागीर आपल्याकडे आहेत, पातळ तावाचा कागद न फाटू देता ताणून चिकटवणारे इतवारीतील पतंग करणारे हात आपल्याकडे आहेत, आणि अवाढव्य आकृती तोलून धरणारी चौकट बांधणारे मारबतीचे कारागीर आपल्याकडे आहेत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो, त्यामुळे कंदील करण्याचे काम सकाळी आठ ते दहा या वेळात शाळेच्या व्हरांड्यात चालावे, आणि पौर्णिमेच्या रात्री आठनंतर ते वस्तीत लागावेत.

माझ्याकडून जे शक्य आहे ते मी आजच कळवून ठेवते. आमच्या भागातील विहाराच्या समितीने अंगण आणि दोन मोठ्या सतरंज्या देण्याचे मान्य केले आहे. आधीच्या पंधरवड्यात मी रोज सकाळी मुलांना कंदील शिकवीन. त्याचे मानधन मला नको, कागद आणि सुतळी मात्र संयोजकांनी पुरवावी. दोन बुरड कुटुंबांशी माझे बोलणे झाले असून त्यांनी मजुरीचा दर सांगितला आहे, आणि तो वाजवी आहे. चादरीत वाद्य बांधून उतरून गेलेल्या त्या बेंजोवादकांनाही मी जाऊन भेटले. ते अजून वाजवतात, फक्त दोन कळांच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत आणि त्या बदलायला साधारण आठवडा लागेल. यायला ते तयार आहेत. त्यांचे म्हणणे एवढेच आहे की सुरू केलेले गीत पुरे होईपर्यंत माइक चालू ठेवावा. आपणापैकी जे कोणी हे मनावर घेतील त्यांनी होळीपर्यंत निरोप द्यावा, म्हणजे बांबू वेळेवर सांगता येईल.

आपली विश्वासू,
उत्तर नागपुरातील एक निवृत्त कलाशिक्षिका